मास्क लावूनही नाक काळं होतंय? आधी फट शोधा

शिफ्ट सुटली की हात धुवायच्या नळावर ठरलेली तक्रार ऐकू येते. “सायेब, दिवसभर मास्क घातलाय की, तरीबी नाक काळंच!” आणि पुरावा म्हणून रुमाल पुढे.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फेटलिंगवर माझी चौदा वर्षं गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साच्यातून निघालेल्या कास्टिंगचे (ओतीव भागाचे) रनर-रायझर, म्हणजे धातू ओतायच्या वाटांत गोठलेले जादा तुकडे, तोडायचे, चिकटलेली वाळू झाडायची आणि कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे फेटलिंग. फाउंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातल्या, सगळ्यात धुळीच्या कामांपैकी एक. सुरुवातीला ही तक्रार आली की मी स्टोअरला सांगून आणखी महागाचा मास्क मागवायचो. आठवडाभर समाधान, मग पुन्हा तोच रुमाल. बरेच पैसे घालवल्यावर उमगलं की मास्कचं कापड क्वचितच दगा देतं. धूळ येते ती मास्क आणि गाल यांच्यामधल्या फटीतून. श्वास ओढला की हवा सोपी वाट धरते, आणि जाड कापडातून गाळून येण्यापेक्षा फटीतून शिरणं तिला सोपं असतं. त्यामुळे फट तशीच ठेवून जाड मास्क लावला तर उलट फटीतूनच जास्त हवा येते. माझे पैसे तिथेच गेले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नाक काळं होतं त्यात मोठा वाटा कोळशाच्या पुडीचा. साचे करायच्या ओलसर वाळूत (ग्रीन सँड) बेंटोनाइट या चिकट मातीबरोबर ती घातलेली असते. फुप्फुसाचं कायमचं नुकसान करते ती मात्र वाळूतली सिलिका. तिचे पाच मायक्रॉनच्या आतले कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट खाली जातात. म्हणून काळं नाक हा नुसता खबऱ्या समजायचा. तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने सिलिकाही आलेली असते.

लक्षणं नीट बघा, निम्मं काम तिथेच होतं

मास्क काढल्यावर लगेच फेकू नका. उजेडात उलटा धरा आणि आतली बाजू बघा.

– आतल्या कडेवर एकाच जागी काळा ओघळ किंवा पट्टा: फट तिथेच. बहुतेक वेळा नाकाच्या दोन्ही बाजूंना, त्याखालोखाल हनुवटीखाली.
– गॉगलवर वाफ धरते: श्वास नाकाच्या बाजूने वर निसटतोय. बाहेर जायला वाट आहे तर आत यायलाही आहे.
– आतली बाजू सगळीकडून सारखीच करडी: गळती कडेने नाही, कापडच धूळ आत येऊ देतंय. मास्क चुकीचा, धुतलेला किंवा फाटलेला.
– सकाळी ठीक, दोन-तीन तासांनी श्वास ओढायला जड: मास्क धुळीने भरला. ही बिघाडाची खूण नाही, बदलायची वेळ झाल्याची आहे.
– धूळ नाही पण वास येतो, डोळे चुरचुरतात: हा धुळीच्या मास्कचा विषयच नाही. खालचं सगळं सोडून थेट ‘कुठे थांबायचं’ हा भाग वाचा.
– एकाच माणसाची तक्रार: त्याचा चेहरा, त्याची दाढी, त्याची मास्क लावायची सवय बघा. एका बाजूच्या सगळ्या मशीनवरच्यांची तक्रार: मास्क नंतर, आधी हवा बघा.

हा शेवटचा फरक मला फार उशिरा सुचला. कोणाकोणाचं नाक काळं होतं ते चार दिवस वहीत लिहून ठेवलं तरी पुढची बरीच धावपळ वाचते.

पहिली तपासणी: तोंडावर आहे ते नक्की काय आहे?

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. कापडी रुमाल, पंचा, गमछा, निळा सर्जिकल मास्क यांपैकी काही असेल तर पुढे जायचं कारणच नाही. सर्जिकल मास्क घालणाऱ्याचे शिंतोडे समोरच्यावर उडू नयेत म्हणून असतो. कडेला तो बसतच नाही. धुळीचा मास्क असेल तर त्यावर वर्ग छापलेला असतो. आपल्याकडचं मानक आहे आयएस ९४७३. त्यात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे तीन वर्ग आहेत आणि गाळण्याची किमान क्षमता अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्के. एन९५ हा अमेरिकी वर्ग, किमान ९५ टक्के. ढोबळमानाने एफएफपी२ च्या जोडीचा. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असेल तर तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून बघा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर अख्खा खोका परत पाठवा. कोविडनंतर बाजारात नुसतं ‘एन९५’ छापलेलं काय काय आलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कानात अडकवायच्या दोऱ्यांचा मास्क मी फेटलिंगला घेत नाही. वर्ग काहीही लिहिलेला असो, दोन कानांच्या जोरावर तो गालाला घट्ट बसत नाही, आणि माणूस वाकला की हनुवटीखाली उघडतो. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत.

दुसरी: पट्टे आणि नाकाची पट्टी

रोजची गळती सगळ्यात जास्त इथे सापडते. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर घेतले की मास्क खाली ओढला जातो आणि नाकाजवळ उघडतो. फुलीसारखे एकमेकांवरून नेले की गालांजवळ सुरकुती पडते. आणि एक प्रकार आमच्याकडे हमखास: खालचा पट्टा टोचतो म्हणून कापून टाकलेला. मास्क समोरून अगदी छान दिसतो, म्हणून सुपरवायझरच्या नजरेतून सुटतो. राउंडला जाताना माणसाच्या मागून जा, मग कळतं.

नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली की तिचा मधोमध टोकदार कोन होतो आणि दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी भोकं राहतात. दोन्ही हातांची बोटं मध्ये ठेवून, नाकाच्या उतारावरून गालाकडे सरकवत दाबायची. ग्लोव्हज काढून. हेल्परला नुसतं सांगून उपयोग होत नाही, एकदा मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याचं त्याला दाखवा. आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-ओडिशाकडची. भाषेच्या अडचणीपेक्षा फोटो बरा पडतो.

तिसरी: दाढी

यावर गोड बोलून चालत नाही. मास्कची कड जिथे टेकते तिथे एक दिवसाची खुंटंही फट करतात, कारण केसाची जाडी आणि आपल्याला अडवायची आहे त्या कणाची जाडी यांचा मेळच नाही. मिशी मास्कच्या आत राहत असेल तर चालते, कडेखाली आली तर नाही.

दरवर्षी श्रावण लागला की आमच्याकडे तक्रारी वाढायच्या. पहिली दोन वर्षं मी दमट हवेला दोष दिला. मग एकदा कॅन्टीनमध्ये बसलो असताना समोरच्या रांगेकडे बघितलं: महिनाभर दाढी न करणारे सहा जण एका बाकावर आणि सहाही माझ्या तक्रारीच्या वहीतले. श्रावण असो, नवस असो, धर्माने ठेवलेली दाढी असो, माणसाला ती काढ म्हणायचा मला अधिकार नाही आणि तसं म्हणून संबंध बिघडवायचेही नाहीत. पण त्याला घट्ट बसणारा मास्क देऊन ग्राइंडरवर उभं करणं म्हणजे त्याची आणि स्वतःची फसवणूक. दोनच मार्ग आहेत. महिनाभर त्याला डिस्पॅच किंवा तपासणीच्या टेबलावर घ्या, नाहीतर बॅटरीवरच्या ब्लोअरने गाळलेली हवा सोडणारा सैल हूड घ्या. हूड महाग असतो. आम्ही दोन घेतले, आणि आता ते दाढीवाल्यांपेक्षा चष्मेवालेच जास्त मागतात.

चौथी: दहा सेकंदांची फुंकर-परीक्षा

मास्क लावल्यावर दर वेळी, फक्त सकाळी नव्हे. झडप (श्वास बाहेर सोडायचं बटणासारखं झाकण) नसलेला मास्क दोन्ही तळव्यांनी झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर किंवा गालावर वारा लागला तर पट्टी आणि पट्टे परत बसवा. झडपेचा असेल तर उलट: झाकून झटक्यात श्वास ओढा, मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. रबरी हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा, फिल्टर बदलता येणारा) असेल तर दोन्ही फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढा आणि दहा सेकंद धरा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, हळूहळू सैल झाला तर कुठूनतरी हवा येतेय.

ही परीक्षा पास झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. मोठी फट हिच्यात सापडते, बारीक सापडेलच असं नाही. पण फुकट आहे, आणि ती रोज करणाऱ्याच्या हाताला मास्क कसा बसला पाहिजे ते आपोआप कळायला लागतं.

पाचवी: मास्कच्या शेजारी काय काय आहे?

मास्क एकटा चांगला बसतो, मग त्यावर गॉगल येतो आणि नाकाची पट्टी खाली ढकलतो. हेल्मेटचा पट्टा येतो आणि खालचा पट्टा वर सरकवतो. क्रम असा ठेवा: आधी मास्क, त्याची परीक्षा, मग गॉगल, मग कानाचे मफ आणि हेल्मेट, सगळं चढवल्यावर परीक्षा पुन्हा एकदा. गॉगल आणि मास्क एकमेकांना ढकलतच असतील तर दोघांपैकी एकाचं मॉडेल बदलावं लागेल. माणसाला ‘सांभाळून घे’ म्हणून काही होत नाही. दुपारपर्यंत तो ज्याचा त्रास जास्त ते काढून ठेवतो.

मे महिन्यात मास्कखाली रुमालाची घडी ठेवतात. घाम टिपला जातो, खरं आहे, पण तो रुमालच फट असतो. घामाने मास्क भिजला की रुमाल ठेवू नका, मास्क बदला.

सहावी: मास्क किती वेळ तोंडावर असतो?

याचा हिशेब एकदा करून बघा. समजा हवेतली धूळ १०० आहे आणि मास्क नीट बसलाय, म्हणजे आत १० येते. आठ तासांच्या शिफ्टची मिनिटं ४८०. त्यातली ४८ मिनिटं, म्हणजे दहावा भाग, मास्क हनुवटीवर किंवा कपाळावर होता. तेवढ्या वेळात १००, बाकीच्या वेळात १०. सरासरी निघते १९. म्हणजे पाऊण तासाच्या सुट्टीने दिवसभराची धूळ जवळजवळ दुप्पट केली. फार चांगला मास्क घेतला आणि आत फक्त २ येऊ दिली, तरी तीच ४८ मिनिटं धरून सरासरी १२ च्या जवळ जाते. महाग मास्क उपयोगी का पडत नाही, ते मला या आकड्यांनी पटलं.

आणि ही ४८ मिनिटं जातात कुठे? फोन, ओरडून बोलणं, पाणी. पण आमच्याकडे सगळ्यात मोठं कारण तंबाखू. गालात चिमूट असली की दर वीस मिनिटांनी थुंकायला मास्क वर जातो, धुळीच्या हातांनीच परत खाली येतो आणि पट्टी दर वेळी वेगळ्या जागी बसते. व्यसन सोडवणं माझ्या हातात नाही. पण ग्राइंडिंगचा स्लॉट पन्नास मिनिटांचा केला, मग दहा मिनिटं कामाच्या शेडबाहेर, मास्क काढून, तोंड धुऊन, काय करायचं ते करा. उत्पादन घटेल म्हणून आरडाओरड झाली. घटलं नाही.

सातवी: जुना, धुतलेला, हवा मारलेला

एकदा शिफ्ट सुटताना बघितलं, एक मामा मास्क डाव्या हातात ताणून धरून उजव्या हाताने एअर गन मारत होते. भुरकन काळा ढग उडाला, मास्क पांढरा दिसायला लागला, मामा खूश. तो उडालेला ढग त्यांनी उघड्या तोंडाने ओढला हे एक. आणि एवढ्या दाबाची हवा कापडाचे धागे फाकवते हे दुसरं. साबणाने धुणंही तसंच. या मास्कांच्या मधल्या थराच्या धाग्यांवर स्थिर विजेचा भार दिलेला असतो. बारीक कण त्याच्यामुळे ओढले जाऊन चिकटतात. साबणाच्या पाण्याने तो भार जातो. मास्क दिसायला नवा, कामाला नुसतं जाळीदार कापड. आतली बाजू सगळीकडून करडी होते ती बहुतेक अशा मास्कांची.

मास्कवर एनआर (नॉन-रीयूजेबल, पुन्हा न वापरण्याचा) अशी अक्षरं असतील तर तो एका शिफ्टपुरताच. पट्टे सैल झाले, कडा मोडली, श्वास जड झाला, आत ओल राहिली, यांतलं काहीही झालं की बदलायचा. वाईट दिवशी एका शिफ्टमध्ये दोन लागतात. हे स्टोअरकीपरला आधी पटवा. नाहीतर तो ‘जुना जमा केल्याशिवाय नवा नाही’ म्हणतो आणि माणूस तोच आठवडाभर ओढतो. आणि मास्कचे पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे नसतात, कंत्राटी असला तरी. जिथे कापतात तिथे मास्क धुतले जाणारच.

मशीनच्या खिळ्याला मास्क टांगू नका. रात्रभर त्याच्या आत धूळ बसते आणि सकाळचा पहिला श्वास तीच घेऊन जातो. झाकणाचा स्टीलचा डबा किंवा झिपची पिशवी पुरते.

आठवी: रबरी हाफ मास्कच्या झडपा

हा मास्क वापरत असाल तर ही तपासणी आठवड्यातून एकदा कराच. समोरचं झाकण काढा. खाली पातळ रबरी चकती दिसेल, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी: उच्छ्वासाची झडप. श्वास सोडताना ती उघडते, ओढताना बंद होते. एका माणसाचा मास्क मी तीनदा बदलून दिला होता, फिल्टर दोनदा. शेवटी झडप काढून भिंगाखाली धरली. चकती आणि तिची बैठक यांच्यामध्ये वाळूचा एकच कण अडकला होता आणि चकतीची कड त्या जागी केसभर उचललेली. प्रत्येक श्वासाला तिथून धूळ सरळ तोंडात. ओल्या फडक्याने पुसलं, तक्रार संपली. फिल्टरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

चकती कडक झाली असेल, कड मुरडली असेल तर नवी टाका. सुटी मिळते, मास्क विकणाऱ्याकडे मागा. आत श्वास घेण्याच्या झडपा दोन्ही बाजूंना आहेत ना बघा. धुताना एक मोरीत जाते आणि कुणाला कळत नाही. फिल्टरखालचा रबरी वॉशर बघा. फिल्टर आटे न जुळवता फिरवलेला असेल तर तो बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो. चेहऱ्याचा भाग कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. थिनर लावू नका, रबर चिरतं.

नववी: झाडू, पंखा आणि टॉर्च

खरं तर ही तपासणी मी आता दुसऱ्या-तिसऱ्या नंबरलाच करतो, कारण पैसे लागत नाहीत. फक्त चार लोकांशी भांडायची तयारी लागते.

पेडस्टल फॅन कुठे तोंड करून उभा आहे? उन्हाळ्यात तो माणसाच्या पाठीमागे ठेवतात आणि वारा ग्राइंडरच्या हूडवर, म्हणजे धूळ ओढून घेणाऱ्या तोंडावर, आदळतो. हूड जी धूळ ओढणार होता ती उसळून पुढच्या मशीनवाल्याच्या तोंडावर. एका बाजूचेच सगळे तक्रार करतात ते बहुतेक यामुळे. पंखा बाजूने वळवा. कोरडा झाडू बंद करा. पाणी शिंपडून झाडा किंवा औद्योगिक व्हॅक्यूम घ्या. कपड्यांवर एअर गन मारणं बंद. जेवायला जाताना सगळे रांगेने हेच करतात आणि मास्क तेव्हा गळ्यात असतो.

मग रात्रपाळीत मोठे दिवे बंद करून झोताची टॉर्च घ्या. चालू ग्राइंडरच्या पलीकडे सहकाऱ्याला उभं करून झोत आपल्या दिशेने, डोळ्यांत न जाईल असा, धरायला सांगा. दिवसा न दिसणारी धूळ त्या झोतात नदीसारखी वाहताना दिसते: कुठून उठते, हूडकडे जाते की माणसाकडे. मालकाला आणून दाखवायला याच्यासारखा पुरावा नाही. आम्ही हूड चाकापासून हातभर लांब बसवला होता, टॉर्चने ते पहिल्याच रात्री उघडं पडलं. हवा ओढणारं तोंड लांब गेलं की त्याची ओढ झपाट्याने कमी होते. वीतभराने जवळ आणलं तरी फरक दिसतो. डक्टला गुडघ्याएवढं भोक, डस्ट कलेक्टरच्या (ओढलेली धूळ गाळणाऱ्या यंत्राच्या) गच्च भरलेल्या बॅगा, त्या झटकणारी हवेची पल्स बंद पडलेली, हेही बघून घ्या. बॅगा बदलणं मेंटेनन्सचं काम. तिथे हॉपरमध्ये (खालच्या धूळ साठायच्या टाकीत) डोकं घालायला जाऊ नका.

दहावी: चेहरा आणि मास्क जुळतात का?

इथवर सगळं ठीक आणि तरीही एका माणसाचं नाक काळं, तर तो मास्क त्याच्या चेहऱ्याचा नाही. एकच माप, एकच मॉडेल सगळ्यांना बसत नाही. बारीक चेहऱ्याच्या बायका आणि नवी पोरं यांना मधलं माप कायम सैल. वजन उतरलं, दाढा काढल्या, कवळी लावली तरी आधी बसणारा मास्क बसेनासा होतो. मागे एका मामांच्या तक्रारीचं मूळ दंतवैद्याच्या खुर्चीत निघालं.

यासाठी फिट टेस्ट असते. डोक्यावर हूड चढवून आत गोड सॅकरिनचा किंवा कडू द्रावणाचा बारीक फवारा मारतात. आधी मास्क न लावता चव कळते का ते बघायचं, मग मास्क लावून. मान इकडे-तिकडे, वर-खाली, खोल श्वास, वाकणं, बोलणं. बोलण्यासाठी मी एकोणतीसचा पाढा म्हणायला लावतो. तो अडखळत म्हणताना जबडा चांगला हलतो. चव लागली तर मास्क नापास. टेस्टच्या आधी पंधरा मिनिटं खाणं, चहा, विडी काही नाही. तंबाखूवाल्याला चव उशिरा कळते, त्याला कडू द्रावण बरं. दोन-तीन मॉडेलं आणि मापं हाताशी ठेवा, नाहीतर नापास झाल्यावर देणार काय?

मास्क बसतोय हे सिद्ध झाल्यावरच वरच्या वर्गाचा विचार करा. फेटलिंगला एफएफपी१ मी देत नाही, एफएफपी२ च्या खाली उतरायचं नाही. त्याच्या वर कधी जायचं हे धूळ मोजल्याशिवाय ठरत नाही, आणि ते आपलं काम नव्हे.

कुठे थांबायचं

धूळ मोजायला औद्योगिक आरोग्याचं काम करणारा तज्ज्ञ बोलवा. तो कामगाराच्या कॉलरला छोटा सॅम्पलर आणि कमरेला पंप लावून शिफ्टभर हवा घेतो आणि बारीक धुळीत सिलिकेचं स्फटिकरूप असलेलं क्वार्ट्‌झ किती ते प्रयोगशाळेत काढतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत या धुळीच्या मर्यादेचं सूत्र असं होतं: क्वार्ट्‌झच्या टक्केवारीत २ मिळवा आणि त्याने १० ला भागा. २० टक्के असेल तर १० भागिले २२, म्हणजे दर घनमीटरला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम. क्वार्ट्‌झ जास्त तशी मर्यादा खाली. हा आकडा हातात असल्याशिवाय मास्क पुरेसा आहे असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. डक्टिंगचं डिझाइनही तज्ज्ञाचंच; वेल्डरकडून आणखी एक हूड जोडून घेतला की आधीच्या सगळ्या हूडांची ओढ कमी होते.

वास येत असेल तर काम थांबवा. कोअर शॉपमधला (कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनतात तिथला) अमाईन या रसायनाचा माशासारखा वास, वाळू बांधणाऱ्या रेझिनचा झोंबणारा धूर, पेंट-थिनर: धुळीचा मास्क यांतलं काहीच अडवत नाही. त्याला वायूचं काडतूस, म्हणजे मास्कला जोडायचा वायू शोषणारा डबा, लागतं, आणि कोणतं ते रसायनाबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकावरून, जाणकाराला विचारून. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीत शेतकऱ्यांना विषबाधा झाली, जीव गेले, ते आठवा. तिथेही तोंडावर रुमाल बांधून भागणार नव्हतं. ओतकामाच्या वेळी निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही आणि साधं काडतूसही त्याला अडवत नाही. डोकं जड, मळमळ, चक्कर असं दोघा-तिघांना एकदम झालं तर सगळ्यांना उघड्यावर काढा आणि डॉक्टर बोलवा.

खड्डा, टाकी, डस्ट कलेक्टरचं हॉपर, भट्टीच्या आतलं काम: गाळणारा कोणताही मास्क हवा तयार करत नाही. आत ऑक्सिजन कमी असेल तर मास्क लावलेला माणूसही पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. परवाना, हवेची तपासणी, बाहेर उभा राहणारा माणूस आणि हवा पुरवणारं उपकरण असल्याशिवाय नाही म्हणा. ब्लास्टिंगच्या खोलीतल्या माणसालाही बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेटच लागतं.

आणि शेवटचं. नाक काळं होण्याच्या पलीकडे गेलं असेल, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त खोकला, जिना चढताना लागणारी धाप, छाती आवळल्यासारखी, वजन उतरणं, तर मास्कशी खेळत बसू नका. सिलिकोसिस बरा होत नाही, धूळ थांबवली तरी पुढे वाढू शकतो, आणि असल्या फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. म्हणून नुसत्या क्षयाची औषधं घेऊन परतलेल्या फाउंड्रीवाल्याची गोष्ट आमच्या भागात नवी नाही. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात किंवा छातीच्या डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणतं काम, किती वर्षं, वाळू कोणती, त्याआधी खाणीत किंवा दगडाच्या कामावर होता का. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, दोन्ही मागा. जुने एक्स-रे घरी कपाटावर पडलेले असतील तर तेही घेऊन जा, नवा फोटो जुन्याशेजारी धरून बघता येतो.